रिकामे पाट आणि तंबाखूची तलफ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. वाटूर फाट्यावर मंठ्याकडून आणि परतूरकडून येणाऱ्या गाड्यांची गर्दी ओसरली की माझ्या दवाखान्यातली गर्दी वाढते, हा नेहमीचा अनुभव. त्या गर्दीत एक जुने परिचित गृहस्थ आले. वय पंचावन्नच्या घरात, थोडी कोरडवाहू जमीन, कापूस आणि सोयाबीन हे पीक. अवघे गाव त्यांना मामा म्हणते, आपणही मामाच म्हणू. तिखट लागले की गालात आग होते, एवढीच त्यांची तक्रार. तोंड उघडायला लावून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तो डाव्या गालाच्या आतून रुपयाएवढा पांढरा चट्टा. तंबाखूची गोळी मामा गेली पस्तीस वर्षे नेमकी त्याच जागी धरत आले आहेत.

त्यांना मी छत्रपती संभाजीनगरला तुकडा तपासण्यासाठी पाठविले. अहवाल आला. कर्करोग नव्हता, पण पेशींची ठेवण बिघडू लागली होती. म्हणजे तंबाखू आता बंद झालीच पाहिजे, त्याला दुसरा पर्याय नाही. हे ऐकल्यावर मामा जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत देतो.

"डॉक्टरसाहेब, म्या काय सोडून पाह्यली नाई? चार बार सोडली. तिसऱ्या दिशी डोस्कं फिरतं. मागल्या टायमाला नातवावर हात उगारला. घरची म्हनली, खा बाबा तुपली तंबाखू, पर लेकराला मारू नको. मपल्या मनातच जोर नाई, दुसरं काय!"

वाचकहो, हे ऐकून मला माझीच लाज वाटली. कारण 'मनात जोर नाही' हे वाक्य काही वर्षांपूर्वी मीच त्यांना ऐकवले होते. 'मामा, मन घट्ट करा' एवढे सांगून रक्तदाबाची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली होती. तिसऱ्या दिवशी डोके का फिरते, याचे शास्त्रीय उत्तर मी महाविद्यालयात शिकलेलो होतो. ते उत्तर त्यांना सांगावे असे मात्र मला सुचले नव्हते. त्यांनी विचारले, "पुडी खिशात नसली तं डोक्यात नेमकं व्हतं काय?" आजचा लेख त्या प्रश्नापोटी लिहीत आहे.

प्रथम निकोटिन म्हणजे काय ते पाहू. तंबाखूचे झाड हे द्रव्य माणसासाठी बनवीत नाही. पाने खाणाऱ्या किड्यांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी ते हे विष तयार करते. तंबाखूचा काढा करून पिकावर फवारण्याची रीत जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. आज कपाशीवरील मावा-तुडतुड्यांसाठी आपण जे इमिडाक्लोप्रिड फवारतो, ते निकोटिनच्याच धर्तीवर कारखान्यात बनविलेले औषध होय. किड्याच्या मज्जासंस्थेतील ज्या जागेवर निकोटिन जाऊन बसते, त्याच जागेवर हे औषध बसते आणि किडा आखडून मरतो. (जाता जाता एक सांगतो. फवारणी करता करता त्याच हाताने तंबाखू मळणारे लोक मी दर हंगामात पाहतो. त्यांच्या धाडसाला काय म्हणावे!)

ही 'जागा' म्हणजे काय? इंग्लंडमधील केंब्रिज येथे लँगली नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी कोंबडीच्या स्नायूवर निकोटिनचे प्रयोग केले. स्नायूला जाणारी नस निकामी झालेली असली तरी निकोटिन लागताच स्नायू आखडे, आणि क्युरारे हे दक्षिण अमेरिकेतील बाणांना लावायचे विष दिले की तो आखडणे थांबे. त्यावरून १९०५ साली त्यांनी अनुमान काढले की पेशीवरच काहीतरी ग्रहण करणारे द्रव्य असले पाहिजे. आज ज्याला डॉक्टर रिसेप्टर आणि मराठी पुस्तके ग्राही म्हणतात, त्या कल्पनेचा हा प्रारंभ. रक्तदाबाच्या गोळीपासून दम्याच्या फवाऱ्यापर्यंत आजची कितीतरी औषधे ज्या कल्पनेवर उभी आहेत, तिच्या जन्माला तंबाखूतले विष कारण झाले!

पुढे साठ-सत्तर वर्षांनी हे ग्राही प्रत्यक्ष हाती लागले, तेही एका सापामुळे. आपल्याकडे मण्यार चावली तर माणसाच्या पापण्या मिटू लागतात, श्वास मंदावतो, हे शेतवस्तीवर राहणाऱ्यांना सांगायला नको. तिच्याच कुळातील तैवानच्या पट्टेरी मण्यारीच्या विषात एक द्रव्य सापडले. ते स्नायूंवरील निकोटिनच्या ग्राहींना असे घट्ट चिकटते की सुटत नाही. त्याचा आकड्यासारखा उपयोग करून, विजेचा झटका देणाऱ्या माशाच्या अवयवातून शास्त्रज्ञांनी हे ग्राही वेगळे काढले. पाच तुकडे गोलाकार जुळून झालेली ती एक नळी असते. मेंदूतले ग्राही याच घराण्यातले, फक्त तुकडे निराळे.

आता मेंदूकडे येऊ. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना निरोप पाठवितात ते रासायनिक द्रव्यांच्या मार्फत. त्यांपैकी एकाचे नाव ॲसिटिलकोलीन. चेतापेशीच्या अंगणात या पाहुण्यासाठी पाट मांडलेले असतात असे समजा. हे पाट म्हणजेच ग्राही. पाहुणा आला, पाटावर टेकला, की नळीचे तोंड उघडते आणि निरोप आत जातो. पण हा पाहुणा मोठा शहाणा. क्षणभर बसतो आणि उठतो. त्याला उठविण्यासाठी तेथे एक विकर तैनात असते, ते त्याचे तुकडे करून जागा मोकळी करते. (काही कीटकनाशकांची विषबाधा झालेल्या रुग्णाच्या तोंडाला फेस येतो, डोळ्यांची बाहुली बारीक होते, ते हेच विकर बंद पडल्यामुळे.)

निकोटिन हा दिसायला त्याच पाहुण्यासारखा तोतया. तो त्याच पाटावर बसतो, नळी उघडते. निरोप पुढे मेंदूच्या ज्या भागात जातो तेथे डोपामाइन नावाचे द्रव्य पाझरते आणि माणसाला बरे वाटते. तरतरी येते, कामात लक्ष लागते. तंबाखूने हुशारी येते असे लोक म्हणतात ते अगदीच खोटे नाही, आणि डॉक्टरांनी ते खोटे म्हणू नये असे माझे मत आहे. रुग्णाचा स्वतःचा अनुभव आपण खोटा ठरविला, तर तो आपले उरलेले बोलणे कशाला ऐकेल?

खरी गडबड यापुढे होते. ॲसिटिलकोलीनला उठविणारे विकर निकोटिनला हात लावू शकत नाही. त्यामुळे हा पाहुणा पाटावर ठाण मांडून बसतो. रक्तातले निकोटिन निम्मे व्हायला सुमारे दोन तास लागतात. माणूस दर तासाला बार भरत असेल तर दिवसभर पाट भरलेलेच. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे २००६ साली सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूची खास यंत्राने छायाचित्रे घेतली, तेव्हा असे दिसले की अवघ्या एक-दोन झुरक्यांत या जातीचे निम्मे ग्राही भरून जातात आणि तीन तास तसेच राहतात. इतका वेळ कोणी बसून राहिला तर घरधनी त्याच्याकडे लक्ष देणे सोडून देतो. ग्राहींचेही तेच होते. निकोटिन बसलेले असते पण नळी उघडत नाही, ग्राही बधिर होतो. म्हणूनच दुपारची तंबाखू सकाळच्या तंबाखूसारखी 'लागत' नाही. रात्रभराच्या आठ तासांत निकोटिनचा साधारण सोळावा हिस्सा उरतो, पाट मोकळे होतात, बधिरपणा जातो. पहाटेचा पहिला बार डोक्याला का भिनतो, याचे रहस्य हे आहे.

पाट बधिर झाले म्हणजे खऱ्या पाहुण्याचे, ॲसिटिलकोलीनचे, काम अडू लागते. मेंदू मग काय करतो? पाट वाढवितो. १९८३ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे प्रथम दिसले, आणि शास्त्रज्ञही चक्रावले. कारण एखादे द्रव्य सतत देत राहिले की त्याचे ग्राही कमी होतात, असा तोवरचा सर्वसाधारण नियम. निकोटिनच्या बाबतीत ते वाढले. १९८८ साली स्कॉटलंडमध्ये मृत धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूंची तपासणी झाली, तेथेही तेच आढळले. २००६ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाने जिवंत माणसांत मोजमाप केले. नुकतीच सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूत हे ग्राही न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे चौथाई ते एक तृतीयांशाने अधिक होते. हे अभ्यास प्रामुख्याने सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेले आहेत, हे मी नमूद करतो. परंतु निकोटिन तेच आणि पाटही तेच.

हे जास्तीचे पाट येतात कोठून, हाही भाग मनोरंजक आहे. पेशीच्या आत या ग्राहींचे सुटे तुकडे पडून असतात. त्यांतले बरेच न जुळताच मोडीत निघतात. निकोटिन पेशीत शिरते आणि त्या तुकड्यांना जुळायला मदत करते. सुताराने अडगळीतल्या फळ्या जोडून पाट करावेत, तसा प्रकार. नवे झाड तोडावे लागत नाही.

आता मामांचा तिसरा दिवस समजून घ्या. पस्तीस वर्षे वाढत गेलेली पंगत. एके दिवशी बायको-मुलांच्या आग्रहावरून पुडी फेकली. पाहुणा येणे बंद. बधिर पाट एकेक करून जागे होतात, आणि सगळेच्या सगळे, मूळचे आणि वाढवलेले, रिकामे पडतात. रिकामे घर खायला उठते म्हणतात, तसे हे पाट मेंदूला खायला उठतात. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, लक्ष न लागणे, सारखी भूक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी याचा कळस होतो आणि मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू ओसरते. मामांनी चारही वेळा माघार घेतली ती नेमकी कळसावर. तेथून चार पावले पुढे उतार होता, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आतड्यांच्या मज्जातंतूंवरही निकोटिनचे ग्राही असतात. आमच्याकडील आयाबाया सांगतात की मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. यावर तरुण डॉक्टर हसतात. हसू नये. रोज निकोटिनच्या टोचणीवर चालणारे आतडे, ती टोचणी बंद झाल्यावर काही दिवस मंदावते आणि बद्धकोष्ठता होते, हे खरे आहे. पण तो तंबाखू सुटल्याचा तात्पुरता त्रास आहे. काही आठवडे भरपूर पाणी, भाकरीबरोबर पालेभाजी, वाटल्यास रात्री इसबगोल, एवढ्याने निभावते. गर्भारपणात तर ही सवय सुटलीच पाहिजे. मुंबईत १,२१७ महिलांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिशरी वा तत्सम तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. आधीच किरकोळ असणाऱ्या बाळाला एवढी तूट फार होते.

हा प्रश्न किती जणांचा? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. त्यांत धूर काढणारे ३.८ टक्के, तर खाणारे, चघळणारे, घासणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचे दुखणे विडी-सिगारेटचे कमी आणि तळहातावरच्या तंबाखूचे अधिक. गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी घातली. फाट्यावर उभे राहणाऱ्याला त्या बंदीविषयी मी अधिक काही सांगायला नको.

तळहातावरून आठवले. तंबाखूत चुना का घालतात? चवीसाठी, असे बहुतेकांचे उत्तर. खरे कारण रसायनशास्त्राचे. निकोटिन आम्ल वातावरणात गालाच्या अस्तरातून नीट झिरपत नाही, क्षारयुक्त झाले की झरझर झिरपते. चुना क्षार. म्हणजे कोण्या अनाम पूर्वजाने प्रयोगशाळेविना शोधलेली ही निकोटिन पोहोचविण्याची युक्ती आहे. त्यात चुन्याने गालाची त्वचा सोलवटते आणि मार्ग आणखी सोपा होतो. कर्करोग करणारी द्रव्ये मुख्यतः निकोटिनहून वेगळी आहेत. ती त्याच तंबाखूत असतात आणि त्याच सोललेल्या जागी तासन् तास मुरतात. निकोटिन माणसाला पुडीशी बांधून ठेवते आणि बाकीची द्रव्ये आपले काम करतात. सुपारीचा कर्करोगाशी संबंध वेगळा सिद्ध झालेला आहे, तो विषय पुन्हा कधीतरी.

यापुढचा भाग मी मामांना सर्वांत आधी सांगितला. वाढलेले पाट कायमचे नसतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मृत मेंदूंच्या अभ्यासात, तंबाखू सोडून दीर्घकाळ झालेल्या माणसांचे ग्राही कधीच न ओढणाऱ्यांइतके आढळले. २००९ साली येलच्या शास्त्रज्ञांनी जिवंत माणसांत कालावधी मोजला. चार आठवड्यांनी ग्राही अजून वाढलेलेच होते, सहा ते बारा आठवड्यांत ते सामान्य पातळीवर आले. दीड ते तीन महिने. सोयाबीन पेरल्यापासून काढेपर्यंतचा काळही साधारण एवढाच. शेतकऱ्याला हा हिशेब चटकन समजतो.

हा काळ निभावण्यासाठी औषधे आहेत, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. निकोटिनचे च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. त्यात तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्ये नसतात. ते थोडे निकोटिन देऊन काही पाट भरलेले ठेवते, आणि मात्रा उतरवत नेली की पाट शांतपणे कमी होतात. मात्र हे च्युइंगम लहान मुलांच्या चिंगमसारखे भराभर चावायचे नाही. तसे केले तर निकोटिन पोटात जाते, उचकी लागते, मळमळते आणि लोक म्हणतात औषध सोसत नाही. चार-सहा वेळा चावावे, तिखट चुणचुण लागली की गालात धरून ठेवावे, चुणचुण गेली की पुन्हा चावावे. तंबाखूची गोळी गालात धरणाऱ्याला ही कला शिकवावी लागू नये, पण लागते! च्युइंगमच्या आधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, थंड पेये वर्ज्य. तोंड आम्ल झाले की निकोटिन झिरपत नाही. चुन्याच्या गोष्टीची ही उलट बाजू.

दुसरे औषध व्हॅरेनिक्लीन. अमेरिकेत २००६ साली त्याला मान्यता मिळाली. हे द्रव्य त्याच पाटावर बसते, नळी अर्धवटच उघडते आणि निकोटिनला जागा देत नाही. त्याचे मूळ युरोपातील एका झाडात आहे. आपल्या बहाव्यासारखी पिवळी झुंबरे त्याला लागतात. त्या झाडातील सायटिसिनच्या गोळ्या बल्गेरियात १९६४ पासून याच कामासाठी वापरात आल्या. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार, फिट्स, मानसिक आजार असल्यास आधी सांगावे. तंबाखू सोडण्यासाठी शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तंबाखूच्या पुडीवरच तो क्रमांक छापलेला असतो, पण पुडी फाडताना कोण वाचतो?

कोणाला औषधाची गरज अधिक, हे ओळखण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो. सकाळी उठल्यावर पहिली तंबाखू किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर पाट फार वाढलेले आहेत असे समजावे. पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर निव्वळ 'मन घट्ट करा' सांगणाऱ्या डॉक्टरने थोडी लाज बाळगावी. शाळकरी मुलांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. मेंदूची जडणघडण विशी ओलांडेपर्यंत चालू असते, आणि त्या वयात निकोटिनचा पगडा लवकर आणि खोल बसतो. मामांनी पहिली गोळी विसाव्या वर्षी गालात धरली. फाट्यावर बारा-तेरा वर्षांची पोरे पुड्या फाडताना मी पाहिली आहेत.

ग्राही पूर्ववत झाले तरी आठवण उरते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मी स्वतः वसतिगृहात असताना सिगारेट ओढत असे. ती सोडून चोवीस वर्षे झाली. अजूनही पहिला पाऊस पडला आणि कोणी चहा पुढे केला की हात नकळत खिशाकडे जातो. खिशात काही नसते. दोन मिनिटांत ते निघून जाते. खेड्यात तर तंबाखू मळून तळहात पुढे करणे ही ओळख वाढविण्याची रीत. तो तळहात नाकारणे म्हणजे माणसाला नाकारल्यासारखे वाटते. मामांना मी सुचविले की खिशात बडीशेप ठेवा आणि समोरच्याने तळहात पुढे करण्याआधी आपणच करा. त्यांना हे पटले.

मामांनी श्रावणात सुरुवात केली. ४ मिलिग्रॅमचे च्युइंगम दिले. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांना दवाखान्यात बोलावून घेतले. घाम, चिडचिड, डोळ्यांत झोप. "आजच्यावानी उद्या नाई ना?" त्यांनी विचारले. म्हटले, उद्या थोडे कमी. पाचव्या आठवड्यात एका लग्नात त्यांनी एक चिमूट घेतली. दोन दिवस तोंड लपवीत फिरले, मग स्वतःच येऊन सांगितले. आम्ही च्युइंगम पुन्हा आठवडाभर वाढविले आणि पुढे चालू लागलो.

दिवाळीच्या आधी ते तपासणीला आले तेव्हा अकरावा आठवडा चालू होता. गालातला चट्टा फिकट झाला आहे, पण गेलेला नाही. दर तीन महिन्यांनी पाहावे लागेल, आणि गरज पडली तर पुन्हा तुकडा काढावा लागेल, हे त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली. मग दाराकडे वळून हाक मारली. बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या कारभारीण पदर सावरत आत आल्या. मामांनी त्यांच्याकडून मिशरीची डबी घेतली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"हिचं बी बघा, डॉक्टरसाहेब. ही उठल्याबरूबर लावती, चूल पेटवायच्या आधी."